आमचा आमदार लोकल पकडून नालासोपाऱ्याला गेला

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. देवरुखपासून थोडं आत आमचं गाव. आमच्याकडे गौरी-गणपती, म्हणजे पाच-सहा दिवस हातात आणि पाऊस असा की अंगणात पाय टाकायची सोय नाही. मग काकांनी कामाला लावलं, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढ म्हणाले, वाळवी लागलीय का बघू. पेटीत काय नव्हतं ते विचारा. जुने सातबारे, आजोबांचं मिलमधलं पासबुक, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तीनदा गुंडाळून रबर लावलेलं काकांचं जुनं वोटिंग कार्ड. निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात सुरू झालेलं ते ब्लॅक अँड व्हाइट फोटोवालं, ज्यात भलाभला माणूस पण नुकताच जामिनावर सुटल्यासारखा दिसतो.

कार्डाचा नंबर सुरू होतो एमटी/०२/००७ असा. पुढे लांबलचक आकडा. ००७ वर माझं आणि पोरांचं हसून झालं. काका गंभीर. म्हणाले मेल्या हसतोस काय, तो आमचा मतदारसंघ होता, संगमेश्वर. सात नंबर. आणि ०२ म्हणजे रत्नागिरी लोकसभा.

आता संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघच नाहीये, २००९ पासून. हे मला माहीत होतं पण असं कार्ड हातात धरून जाणवलं नव्हतं. मी म्हटलं काका, गेला कुठे हो तो? तर काका पटकन म्हणाले, "गेला कुठे म्हणजे? तूच नेलास की. लोकलमध्ये घालून नालासोपाऱ्याला."

सगळे हसले. मी पण हसलो. पण रात्री झोपताना डोक्यात तेच, कारण काका थट्टेत बोलले असले तरी हिशोबाने बघितलं तर शंभर टक्के बरोबर बोलले होते. मग मुंबईला परत आल्यावर चार-पाच रात्री मोबाईलवर जुने आकडे आणि याद्या उकरत बसलो, त्याचीच ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी आमच्या घराचा इतिहास दोन ओळीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजोबा परळला मिलमध्ये. ८२ चा संप झाला आणि घर बसलं. माझा जन्म चाळीतला, दहा बाय बाराची खोली आणि गॅलरीत संडासची लाईन. ९६ ला पप्पांनी खोली विकून नालासोपारा ईस्टला वन रूम किचन घेतलं. काका मात्र गावीच राहिले, शेती, आंबा-काजू आणि आजीला बघायला कुणीतरी हवं म्हणून. म्हणजे एका आजोबांची दोन पोरं, एक गावात, एक परळमार्गे नालासोपाऱ्यात. ही स्टोरी काही आमची एकट्याची नाही, आमच्या वाडीतल्या जवळपास प्रत्येक घराची आहे, फक्त कुणी नालासोपाऱ्याऐवजी दिव्याला, कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला.

आता मतदारसंघांचं गणित. शाळेत नागरिकशास्त्रात हे असलं तरी कुणी नीट सांगितलं नव्हतं, निदान आम्हाला तरी नाही. प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या आणि विधानसभेच्या जागा आणि त्यांच्या हद्दी पुन्हा ठरवायच्या असं घटनेतच आहे, कलम ८२ आणि १७०. आयडिया सरळ आहे, एका आमदारामागे साधारण सारखी माणसं यावीत. त्यासाठी परिसीमन आयोग बसतो. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार आयोग देशभरासाठी झाले. महाराष्ट्राच्या विधानसभेत १९६२ ला २६४ जागा होत्या, १९६७ ला २७० झाल्या, १९७८ पासून २८८. तेव्हापासून आजपर्यंत २८८ च. आकडा पाठच झालाय आपल्याला, १४५ म्हणजे बहुमत वगैरे.

पण १९७६ ला, आणीबाणीत, ४२ वी घटनादुरुस्ती आली आणि हे सगळं गोठवलं. म्हणजे १९७१ च्या जनगणनेवर ज्या जागा आणि ज्या रेषा आखल्यात त्याच चालू ठेवायच्या, २००० सालानंतरची पहिली जनगणना येईपर्यंत. कारण तसं रास्त होतं. कुटुंब नियोजन नीट करणाऱ्या राज्यांच्या जागा कमी व्हायला नकोत, नाहीतर पोरं जास्त तर खासदार जास्त असा प्रकार झाला असता. पण राज्याराज्यांतला वाद थांबवायच्या नादात राज्याच्या आतल्या रेषा पण तिथेच थिजल्या. १९७८ ते २००४, तीस वर्षांच्या आसपास, एकच नकाशा. त्या काळात मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, ठाणे जिल्हा फुगून फुगून कुठल्या कुठे गेला, नवी मुंबई म्हणून एक अख्खं शहर उभं राहिलं, आणि नकाशा अजून ७१ सालातच. आमच्या घड्याळवाल्या भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी एक जुनं कॅलेंडर आहे तसं, कुणी काढतच नाही.

मग २००१ मध्ये ८४ वी घटनादुरुस्ती संसदेत आली. राज्यांचा कोटा गोठलेलाच राहील, तो थेट २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत, म्हणजे महाराष्ट्राला ४८ खासदार ते ४८ च. पण राज्याच्या आत रेषा नव्याने आखा. आधी ठरलं होतं १९९१ चे आकडे घ्यायचे, मग २००३ ला ८७ वी दुरुस्ती करून २००१ चे घ्या म्हणाले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष असलेल्या आयोगाने काम केलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये नवा नकाशा लागू झाला. आपल्याकडे तो पहिल्यांदा वापरला २००९ ला.

आता इथे कॅल्क्युलेटर काढा, मला यातच सगळ्यात मजा आली.

१९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ५ कोटी ४ लाख. भागिले २८८. म्हणजे एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आताचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ ला), लोकसंख्या जवळपास २० लाख. भागिले पावणेदोन, ११ पॉइंट काहीतरी. जागा किती होत्या? ११. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, राजापूर, रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागर, चिपळूण, खेड, दापोली. मोजा. आणि ठाणे जिल्हा तेव्हा सुमारे २३ लाख, म्हणजे १३ जागा. ११ आणि १३. म्हणजे कोकण आणि ठाणे जवळजवळ बरोबरीत होते हो.

आता २००१. राज्य ९ कोटी ६९ लाख. एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजार, भागिले केलं की ५.०४. जागा मिळाल्या ५. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, उत्तर येतं २.५८, जागा मिळाल्या ३. ठाणे ८१ लाख ३२ हजार, उत्तर २४.१७, जागा २४! मुंबई शहर जिल्हा ३३ लाख ३८ हजार, उत्तर ९.९२, जागा १०. मुंबई उपनगर ८६ लाख ४० हजार, उत्तर २५.६९, जागा २६. मी हे सगळं रात्री साडेबाराला करत होतो आणि प्रत्येक वेळी आकडा तंतोतंत जुळला की बायकोला सांगत होतो, ती म्हणाली लाईट बंद कर.

म्हणजे बघा, कोकणच्या दोन जिल्ह्यांचे ११ चे झाले ८. ठाण्याचे १३ चे झाले २४. तीन गेले आणि अकरा आले. आता हे अकराच्या अकरा काय कोकणातून नाही गेले, यूपी-बिहारपासून गुजरातपर्यंत कुठून कुठून माणसं आली ठाण्यात. पण आमच्या वाडीने पण आपला वाटा उचललाय ना. संगमेश्वरातून निघालेला प्रत्येक माणूस त्या भागाकारात एकीकडे वजा होत होता आणि दुसरीकडे मिळवला जात होता. काकांच्या भाषेत, नेलास की.

आणि मजा म्हणजे मतदार यादीत नाव कुठे आहे त्याचा इथे काही संबंध नाही. आमच्याकडे कितीतरी चाकरमान्यांनी नावं गावच्याच यादीत ठेवलेली असतात, इलेक्शन आलं की गाड्या बुक होतात, लोक रात्रीत गावी जाऊन मतदान करून परत. त्यांना वाटतं आपण गावचेच. पण परिसीमन होतं जनगणनेवर, आणि जनगणनेत तुम्ही राहता तिथे मोजले जाता. २००१ ची मोजणी १ मार्चच्या हिशोबाने झाली, शिमग्याच्या आधी. सगळे चाकरमानी आपापल्या खोल्यांत, नालासोपारा-दिवा-डोंबिवलीला. माझं तर प्रामाणिक मत आहे की जनगणना एकदा गणपतीत घ्या, बघा कोकणाला ११ चे १५ आमदार मिळतात की नाही, आणि मुंबईला उरेल काय ते पण बघा. त्याच २००१ च्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. दुसरीकडे हा आकडा नऊशेच्या घरात, आणि आमच्याकडे ११३६. पुरुष कुठे गेले हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको, आठ सव्वीसची विरार फास्ट बघा.

बरं, गेला म्हणजे नेमकं काय झालं संगमेश्वरचं. तालुका आहे तिथेच आहे, तहसील कार्यालय देवरुखला तसंच आहे. पण विधानसभेसाठी तालुक्याचे तीन तुकडे. आमचं देवरुख चिपळूणच्या मतदारसंघात, साखरप्याचा भाग राजापूर-लांजाकडे, आणि एक भाग रत्नागिरीत. एक तालुका, तीन आमदार. आता कुणी म्हणेल भारीच की, एकाऐवजी तीन मिळाले. तसं नसतं हो. एका आमदाराचं अख्खं घर तुमचं असणं वेगळं आणि तीन घरांत तुमची एकेक खोली असणं वेगळं. पंचायत समितीची मीटिंग असली की कोणत्या रस्त्याला कोणाचा निधी हा वेगळाच घोळ. आणि आमदार निधी जागेमागे असतो, माणसामागे किंवा किलोमीटरमागे नाही. म्हणजे जिल्ह्यात सातचे पाच आमदार झाले की दोन निधी कायमचे गेले. डोंगर तेवढेच, वाड्या तेवढ्याच, पाखाड्या तेवढ्याच, साकव तेवढेच वाहून जातात दर पावसाळ्यात.

काकांचं सगळ्यात मोठं दुःख मात्र नंबरचं आहे. जुन्या यादीत महाराष्ट्राची सुरुवात कोकणातून व्हायची. विधानसभा क्रमांक १ सावंतवाडी. लोकसभा क्रमांक १ राजापूर, तेच राजापूर जिथून बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते निवडून जायचे. नव्या यादीत सुरुवात नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून होते आणि आम्ही कुठे, चिपळूण २६५. राजापूर लोकसभा तर नावालाही उरली नाही, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग. काका म्हणाले, "सात नंबरवरून दोनशे पासष्टला. एवढा तर मी दहावीत पण खाली नव्हतो."

लोकसभेचं तर खो-खोच झालंय आमच्याकडे. ठाणे-मुंबईच्या बाजूने माणसं वाढली त्यामुळे रेषा ढकलत ढकलत खाली आल्या. पनवेल, उरण, कर्जत रायगड जिल्ह्यातले, ते गेले घाट चढून मावळमध्ये, पिंपरी-चिंचवडबरोबर. मग रायगड लोकसभेचे सहा विधानसभा मतदारसंघ पूर्ण करायला दापोली आणि गुहागर घेतले रत्नागिरी जिल्ह्यातून. एकाने खो दिला की पुढचा उठतो. पनवेलमध्ये बिल्डिंगी वाढल्या म्हणून दापोलीच्या माणसाचा खासदार बदलला, असं सरळ सांगितलं तर कुणाला पटणार नाही पण तसंच आहे. अनंत गीते रत्नागिरीतून निवडून यायचे, ते २००९ ला रायगडातून उभे राहिले आणि जिंकले. विधानसभेचा खेड मतदारसंघ गेला, तिथून चार वेळा निवडून आलेले रामदास कदम गुहागरला उभे राहिले आणि पडले. नारायण राणेंचं मालवण गेलं, ते कुडाळमधून आले. म्हणजे नेत्यांच्या पण पायाखालची सतरंजी ओढली जाते यात, फक्त आपली नाही. पंढरपूर लोकसभा राखीव होती तोवर रामदास आठवले तिथून, ती जागाच संपली आणि ते शिर्डीला गेले, तिथे हरले. राखीव जागा बदलतात तेव्हा हे असं होतंच, लातूर अचानक राखीव झालं तेव्हा पण किती गणितं फिसकटली.

आता दुसरी बाजू, परळची. इथे मला जास्त लागलं खरं सांगायचं तर, कारण जन्म तिथला.

२००४ पर्यंत मुंबई शहरात १७ जागा होत्या. त्यातली नावं वाचा आणि सांगा यातलं तुमच्या पोराला किती माहीत आहेत. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर, माटुंगा. ही दहाच्या दहा गेली. त्याबदल्यात भायखळा, वडाळा आणि सायन-कोळीवाडा अशी तीन नवीन नावं आली. सतराचे दहा. परळ हा तो मतदारसंघ जिथे १९७० च्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार, कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतरची ती निवडणूक. आजोबा त्या निवडणुकीबद्दल बोलायचे तेव्हा आवाज बारीक करायचे, चाळीत दोन्ही बाजूची माणसं होती म्हणून सवयच लागली असावी. दादर म्हणजे मनोहर जोशींचा मतदारसंघ. मुख्यमंत्री ज्या जागेवरून झाले ती जागाच पुसली गेली. २०११ ला तर मुंबई शहराची लोकसंख्या अजून घटून ३० लाख ८५ हजार झाली. टॉवर वाढतायत आणि माणसं कमी होतायत, हे कसं, तर एका चाळीत जेवढी कुटुंबं मावायची तेवढी त्या टॉवरच्या तीन-चार मजल्यात पण नसतात आणि अर्धे फ्लॅट इन्व्हेस्टमेंटचे, रात्री लाईट पण लागत नाहीत.

म्हणजे आमच्या एकाच घराने दोन मतदारसंघ बुडवले. गावाकडून निघालो, संगमेश्वर गेलं. परळहून निघालो, परळ गेलं. आता नालासोपाऱ्यात हात धुवून बसलोय.

नालासोपाऱ्याची गंमत तर अजून वेगळी. २००४ ला पप्पांनी लोकसभेला मतदान केलं ते मुंबई उत्तरसाठी. हो, तेव्हा वसई-विरारचा भाग मुंबई उत्तरमध्ये होता, ते गोविंदा विरुद्ध राम नाईक वालं इलेक्शन आठवतंय ना, त्यात आम्ही पण होतो. पप्पा सगळ्यांना सांगायचे राहतो नालासोपाऱ्याला पण मतदान मुंबईचं. २००९ ला बघतो तर आम्ही पालघर लोकसभेत, नवीन जागा, अनुसूचित जमातींसाठी राखीव. राखीव असायला हवीच, डहाणू-जव्हार-विक्रमगड सगळा आदिवासी पट्टा आहे. पण पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, परळहून निघताना मुंबई सुटली तेव्हा नव्हता झाला एवढा. आणि विधानसभेला आधी वसईत होतो, आता स्वतःचा नालासोपारा मतदारसंघ, क्रमांक १३२. म्हणजे काकांचा सात नंबर गेला तो असा इकडे आला.

यावर लोक म्हणतात हे सगळं राजकारण्यांनी आपल्या सोयीने केलं असेल. मी पण तसंच समजायचो. पण आयोगात असतात सुप्रीम कोर्टाचे आजी-माजी न्यायाधीश, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त, आणि राज्याचे निवडणूक आयुक्त. पाच खासदार आणि पाच आमदार सोबत बसतात, पण त्यांना मत नसतं, बोलायचं फक्त. मसुदा छापतात, हरकती मागवतात, जाहीर सुनावण्या घेतात. आणि एकदा आदेश निघाला की कोर्टात पण सहसा आव्हान देता येत नाही, कलम ३२९, सुप्रीम कोर्टाने मेघराज कोठारी खटल्यात साठच्या दशकातच ते सांगितलंय, फक्त २०२४ मध्ये म्हणाले की उघड मनमानी असेल तर कोर्ट बघू शकतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तिथले आमदारच नकाशा काढतात आणि मग सरड्यासारखे वाकडेतिकडे मतदारसंघ तयार होतात, तसं आपल्याकडे विधानसभेला तरी होत नाही. (महापालिकेच्या प्रभाग रचनेबद्दल मी काही बोलणार नाही. मुंबईत २२७ चे २३६ होतात आणि सरकार बदललं की परत २२७ होतात, त्यातून काय समजायचं ते समजा.)

म्हणजे कुणी फसवलं नाही. हेच तर पचत नाही. फसवलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे भागाकार बरोबर आहे आणि तरी काकांच्या हातात काही उरलं नाही. मी काकांना हे समजावत होतो, की काका एक माणूस एक मत, त्याची किंमत सगळीकडे सारखी पाहिजे, आज पनवेल आणि चिंचवडला एकेका आमदारामागे सहा लाखांच्या वर मतदार आहेत आणि तुमच्या कणकवली-कुडाळला सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे तुमचं मत पनवेलवाल्यापेक्षा अडीचपटीहून जास्त जड आहे, उलट तुम्हीच फायद्यात आहात. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पनवेलवाल्याचा आमदार त्याच्यापासून किती लांब?" मी म्हटलं असेल चार-पाच किलोमीटर. "त्याच्याकडे नदीवरचा पूल पडला तर शेजारी दुसरा पूल असतो का?" असतो. "मग?" त्या मग ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यात लिहिलंय खरं की रेषा आखताना डोंगर-नद्या, दळणवळण, लोकांची सोय हे पण बघा. पण ते बघायचं रेषा आखताना. किती जागा द्यायच्या हे ठरतं डोकी मोजून, डोंगर मोजून नाही.

आणि दक्षिणेतली राज्यं आज जे म्हणतायत तेच हे आहे ना छोट्या प्रमाणात. तामिळनाडू, केरळ म्हणतायत आम्ही लोकसंख्या आवरली आणि आता आमचे खासदार कमी होणार, २०२५ च्या मार्चमध्ये स्टॅलिन यांनी चेन्नईत त्यावर मोठी बैठक पण घेतली. त्यांच्यासाठी निदान पन्नास वर्षं गोठवून तरी ठेवलं. राज्याच्या आत कोकणासाठी कोण गोठवणार. आमचे लोक तर दुसऱ्या राज्यात पण नाही गेले, फक्त खाडीपलीकडे गेले.

आता पुढचं. येणारी जनगणना १ मार्च २०२७ च्या हिशोबाने होणार असं जाहीर झालंय. परत शिमग्याच्या आधी, बघितलंत? त्यानंतर कधीतरी नवा नकाशा येईल, किती जागा असतील, २८८ च राहतील का वाढतील, महिलांच्या ३३ टक्के जागा पण त्याच नकाशाला जोडलेल्या आहेत, ते सगळं तेव्हा. पण मी आपला २०११ चे आकडे टाकून बघितले, जागा २८८ च धरून. राज्य ११ कोटी २४ लाख, एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. ठाणे (पालघर धरून) १ कोटी १० लाख, येतात २८. मुंबई शहर ८. सिंधुदुर्ग साडेआठ लाख, २.१८, म्हणजे २. आणि रत्नागिरी १६ लाख १५ हजार. हो, २००१ पेक्षा कमी झाली लोकसंख्या, दोन्ही जिल्ह्यांची. ४.१४. म्हणजे ४.

अकराचे आठ झाले, आठचे सहा होणार.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले पाच टिकवायला किती माणसं लागतील ते सांग. मी म्हटलं साडेचारच्या वर गेलं की पाच धरतील असं समजू, तर साधारण १ लाख ४० हजार कमी पडतायत. पप्पा आता रिटायर आहेत, गुडघे गेलेत, नालासोपाऱ्याला तिसरा मजला लिफ्ट नाही, म्हणून गावीच राहायचं म्हणतायत मम्मीला घेऊन. ते काकांना कळलेलं होतंच.

"मग १ लाख ३९ हजार ९९८," काका म्हणाले. "दिवाळीला येशील तेव्हा अजून कोण येतंय का विचारून ये."